बडोद्याहून इजिप्त: उन्हाच्या घड्याळानं आखलेली दहा दिवसांची सहल

कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये दोन गोष्टींपुढे मुलं हमखास रेंगाळतात. एक सयाजीराव महाराजांनी विकत आणलेली ममी आणि दुसरा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सुमारे सत्तर फुटी सांगाडा. इजिप्तला निघण्याआधी एका रविवारी दोन्ही पुन्हा नीट पाहून घ्या. ममी कुठल्या परंपरेतून आली ते नाइलच्या काठी कळतं. देवमाशाचे पूर्वज कसे होते, ते कैरोजवळच्या फयूमच्या वाळवंटात उघड्यावर पडलेलं दिसतं. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक टूर पहिल्या गोष्टीसाठी दहा देवळं दाखवतात आणि दुसरीचं नावही घेत नाहीत.

इजिप्तची सहल फसते ती ठिकाणं चुकल्यामुळे क्वचितच. बहुतेकदा वेळ चुकते. सकाळी सातला डोळे दिपवणारं देऊळ दुपारी एकला नुसती तापलेली भट्टी असते. म्हणून कुठे जायचं यापेक्षा तिथे किती वाजता पोचायचं, हे आधी ठरवा.

कधी निघावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात येत असेल तर उत्तमच. उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर काढून १६ जानेवारीला निघालात तर त्याहून बरं, कारण नाताळ ते नववर्षाच्या पहिल्या आठवड्यातली युरोपियन गर्दी तोवर ओसरलेली असते. या दिवसांत दुपारी ऊन असतं, पण पहाटे नाइलवर आणि वाळवंटात चांगलीच थंडी वाजते. स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतात, आणि 'इजिप्त म्हणजे ऊन' असं समजून नुसते सुती कपडे नेणारे पहिल्याच पहाटे कुडकुडतात.

मार्च ते मे दरम्यान खमसीन नावाचा धुळीचा गरम वारा अधूनमधून सुटतो. तो सुटला की पिरॅमिडसुद्धा धूसर दिसतात. मे-जूनमध्ये लक्सर आणि अस्वानला पारा चाळिशीच्या वर असतो. शाळेमुळे मे महिनाच शक्य असेल तर देवळं सकाळी सहा ते नऊ एवढीच ठेवा आणि उरलेले दिवस तांबड्या समुद्रावर घालवा. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल. त्या काळात प्रेक्षणीय स्थळं लवकर बंद होतात आणि दिवसा बाहेर खायला कमी मिळतं. संध्याकाळी मात्र कैरो बघण्यासारखं असतं.

निघण्याआधीची कामं

अहमदाबादहून आखाती देशांमार्गे जाता येतं, मुंबईहून कैरोला थेट विमानही असतं. बडोद्याहून एक्सप्रेस-वेनं अहमदाबादचा विमानतळ दोन तासांवर आहे, त्यामुळे म्हातारी माणसं बरोबर असतील तर मुंबईची रात्रीची गाडी आणि पुढची टॅक्सी यापेक्षा तेच सोयीचं. व्हिसा हातात आल्याशिवाय आतली विमानं आणि बोट यांचे पैसे भरू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

फराळाचा डबा भरताना एक काळजी घ्या. विमान दुबई किंवा अबुधाबीत बदलणार असेल तर अनारसे नेऊ नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि ती अनारशाला चिकटलेली असली तरी खसखसच. लीलो चिवडो, भाकरवडी, मेथीचे ठेपले खुशाल न्या. औषधांच्या पिशवीतून ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी काढून टाका, इजिप्तमध्ये तिच्यावर कडक नियंत्रण आहे. बाकी औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. ड्रोन घरीच ठेवा, विमानतळावर जप्त होतो.

मोठ्या स्थळांच्या तिकीट-खिडकीवर आता बहुतेक ठिकाणी रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू केलेत का आणि रोजची मर्यादा किती आहे, ते बडोद्यातच तपासा. रुपे कार्डावर विसंबू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन कार्डं दोघांच्या खिशात वेगवेगळी ठेवा. याच्या उलट, स्वच्छतागृह, सामान उचलणारा, नावाडी या सगळ्यांना रोख सुटे पैसे लागतात. बक्षिशीला तिथे 'बक्शीश'च म्हणतात, त्यामुळे शब्द नवा वाटणार नाही, पण ती दिवसातून किती वेळा द्यावी लागते ते नवं वाटेल. विमानतळावर इजिप्शियन पाउंड घेताना लहान नोटा मागून घ्या.

दक्षिणेकडून उत्तरेकडे या

बहुतेक कार्यक्रम कैरोचे पिरॅमिड आणि म्युझियम यांनी सुरू होतात. आमचं मत उलट आहे. कैरोला उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी विमानानं थेट अस्वान गाठा, तिथून बोटीनं तीन रात्रींत लक्सरला या आणि कैरो शेवटी ठेवा.

याला दोन कारणं आहेत. हिवाळ्यात इजिप्तचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आपलं शरीर सकाळी साडेसहाला जागं होतं तेव्हा तिथे पहाटेचे तीन वाजलेले असतात. अबू सिम्बेलला जायला चारला निघावं लागतं, आणि हे पहाटेचं उठणं पहिल्या दोन-तीन दिवसांत कष्टाचं वाटत नाही. आठव्या दिवशी तेच उठणं जिवावर येतं. दुसरं कारण असं की थडगी आणि देवळं आधी पाहिली की म्युझियममधल्या वस्तू कुठल्या भिंतीखालून आल्या ते डोळ्यांसमोर येतं. उलट क्रमानं गेलात तर म्युझियम म्हणजे काचेमागची पाच हजार भांडी.

कैरो ते अस्वान रेल्वेनं बारा-तेरा तास लागतात, विमानानं सव्वा-दीड तास. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

अस्वान आणि अबू सिम्बेल

पहिल्या दुपारी फिलाईचं इसिस देवीचं देऊळ पाहा. तिथे शेल्लालच्या धक्क्यावरून होडीनं जातात, आणि होडीचं भाडं तिकिटात नसतं. बसण्यापूर्वी सगळ्यांचं मिळून, जाऊन-येऊन आणि थांबण्याच्या वेळेसकट किती, ते ठरवा. 'माणशी' की 'होडीचे' हा घोळ परत येताना उघड होतो.

हे देऊळ मूळच्या बेटावर नाही. अस्वानच्या धरणांमुळे बेट पाण्यात गेलं, म्हणून दगडन् दगड सोडवून देऊळ शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभं केलं. अबू सिम्बेलचंही तेच. १९६४ ते १९६८ या काळात रामसेस दुसरा या राजाची दोन्ही देवळं डोंगरातून कापून ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे हलवली. सरदार सरोवरात हाफेश्वरचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलेलं ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी आतल्या भिंतींवरचे कापाचे सांधे शोधून पाहावेत. ते दिसतात, पण शोधावे लागतात.

अबू सिम्बेल अस्वानपासून तीनशे किलोमीटरच्या आत आहे, एका बाजूला साडेतीन तास धरा. दारावरचे वीस मीटर उंचीचे चार पुतळे पूर्वेकडे तोंड करून बसलेत, म्हणजे सकाळचं ऊन थेट चेहऱ्यांवर पडतं. दहानंतर सूर्य वर जातो आणि चेहरे सपाट दिसतात. शेजारचं राणी नेफरतारीचं छोटं देऊळ बसमधले निम्मे लोक वेळ संपला म्हणून सोडून देतात. तसं करू नका. राणीचे पुतळे राजाएवढ्याच उंचीचे आहेत, आणि इजिप्तमध्ये हे क्वचितच दिसतं. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत जातात. ऐकायला छान वाटतं, पण त्या पहाटे आत पाय ठेवायला जागा नसते. दुसरा कुठलाही दिवस निवडा.

संध्याकाळी फेलुका, म्हणजे शिडाची होडी, आणि तीवर करकदे. हे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आहे. ज्यांचं ब्लडप्रेशर औषधांनी आधीच खाली आलेलं आहे त्यांनी मोठे पेले रिचवू नयेत. बर्फ नळाच्या पाण्याचा असू शकतो, त्यामुळे गरम मागवा.

बोट

खोली घेताना तीन प्रश्न विचारा. ती कुठल्या मजल्यावर आहे? सर्वांत खालच्या मजल्याची खिडकी जवळजवळ पाण्याला टेकलेली असते. ती मागच्या बाजूला तर नाही? तिथे इंजिनाची घरघर रात्रभर चालते. खिडकी उघडते का? धक्क्यावर चार-पाच बोटी एकमेकींना खेटून लागतात, मग तुमच्या खिडकीतून नाइलऐवजी शेजारच्या बोटीतला पलंग दिसतो आणि डिझेलचा धूर आत येतो. यावर उपाय नाही, म्हणून नाइल बघायची तर बोट चालू असताना गच्चीवर जाऊन बसा.

वाटेत कोम ओम्बो लागतं. मगरमुखी सोबेक आणि थोरला होरस अशा दोन देवांचं जुळं देऊळ, शेजारी मगरींच्या ममींचं लहानसं म्युझियम. मुलं इथे खूश होतात. एडफूचं होरसचं देऊळ इ. स. पू. २३७ मध्ये सुरू झालं आणि १८० वर्षांनी, इ. स. पू. ५७ मध्ये पुरं झालं. छतासकट टिकलेलं एवढं अखंड देऊळ दुसरीकडे मिळणार नाही. धक्क्यावरून तिथे घोडागाडीनं नेतात. घोड्यांची अवस्था बघवत नाही, टॅक्सी मिळते.

लक्सर: इथे घाई करू नका

लक्सरला किमान दोन सकाळी हव्यात. बोटीच्या पॅकेजमध्ये राजांची दरी, राणी हात्शेप्सूतचं देऊळ आणि कर्नाकचं देऊळ एकाच दिवसात कोंबलेलं असतं. कर्नाकला पोचेपर्यंत दुपार होते आणि घरातली वडीलधारी माणसं सावलीत बसून 'तुम्ही बघून या' म्हणतात. दोन भाग करा. पहिली सकाळ नाइलचा पश्चिम तीर, म्हणजे दरी आणि हात्शेप्सूत, दुसरी कर्नाक.

राजांच्या दरीत साठहून जास्त थडगी आहेत, पण एका वेळी थोडीच उघडी असतात, आणि साध्या तिकिटावर त्यातली तीनच पाहता येतात. निवड आधीच करून ठेवा. गुडघे दुखत असतील तर रामसेस चौथा आणि रामसेस नववा. ही दोन्ही दारापासून जवळ, उतार सौम्य, वाट रुंद. पाय धड असतील तर रामसेस तिसरा, तो लांब आणि चित्रांनी भरलेला. मेरेनप्ताहचं थडगं खोल उतरतं, आणि उतरलेलं सगळं परत चढावं लागतं हे खाली जाताना कोणाला आठवत नाही. तिसऱ्या थुतमोसचं तर उंच कड्यात आहे, लोखंडी जिन्यानं चढून मग आत उतरायचं. ते तरुणांसाठी.

जादा तिकिटाची थडगी वेगळी. तुतनखामुन राजाचं लहान आहे आणि त्यातला खजिना कैरोला गेलाय, पण त्याची ममी अजून तिथेच ठेवलेली आहे. पैसे एकाच जादा तिकिटावर घालायचे असतील तर रामसेस पाचवा-सहावा घ्या. छतभर आकाशदेवी नूत पसरलेली आहे, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. त्याखाली मान वर करून दहा मिनिटं उभं राहिल्याशिवाय ते चित्र लागत नाही. सेती पहिल्याचं थडगं सर्वांत महाग आणि कोरीवकामात सर्वांत सरस. चित्रकला शिकणारं कोणी घरात असेल तर त्याच्यासाठी तो खर्च वाया जाणार नाही. आत फ्लॅश वापरू नका. आतला माणूस 'या, कोपरा दाखवतो' म्हणून खुणावतो, त्याचे पैसे पडतात.

दरी उघडताच आत शिरा आणि नऊच्या आत हात्शेप्सूतच्या देवळाकडे वळा. ते पूर्वाभिमुख आहे आणि मागे अर्धगोल कडा. नंतर तो कडा उन्हाचा ताप तव्यासारखा परत फेकतो. मेम्नॉनचे दोन प्रचंड पुतळे रस्त्यालगत आहेत, तिकीट नाही, दहा मिनिटं पुरेत. मेदिनेत हाबू मात्र बहुतेक टूर टाळतात. रामसेस तिसऱ्याच्या या देवळात अक्षरं पंजा बुडेल इतकी खोल कोरलेली आहेत आणि छताखाली रंग अजून शाबूत आहे. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात जा.

गरम हवेच्या फुग्यातून सूर्योदय बघायचा असेल तर तो लक्सरमधल्या पहिल्याच सकाळी ठेवा. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द होणं नेहमीचं आहे, आणि शेवटच्या सकाळी ठेवलेलं उड्डाण रद्द झालं तर पुन्हा संधी नाही.

कर्नाक सकाळी सहाला उघडतं. तेव्हा पोचलात तर १३४ खांबांच्या सभामंडपात तासभर जवळपास एकटे असाल. मधल्या रांगांतले बारा खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत. तिरपं ऊन खांबांच्या मधून येतं तेव्हाच कोरीवकाम उठून दिसतं. लक्सरचं देऊळ उलट रात्रीसाठी ठेवा. दिव्यांत ते अधिक खुलतं, आणि दारातल्या दोन उभ्या स्तंभांपैकी एकच का उरला हे विचारणाऱ्या मुलांना सांगा की दुसरा पॅरिसच्या चौकात आहे.

लक्सरच्या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, अंगावरच सुकतो. बडोद्यात शर्ट भिजला की आपण पाणी पितो. तिथे शर्ट कोरडाच राहतो आणि दुपारी डोकं ठणकायला लागतं. दर अर्ध्या तासानं, तहान नसली तरी, चार घोट घ्यावेत. माणशी तीन लिटर आणि ओआरएसची पुडी.

शाकाहारी ताट

उपाशी कोणी राहत नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा आंबट सॉस. सेवउसळीवर वाढलेल्या माणसाला तिची ओळख लगेच पटते. लसणाचं व्हिनेगर आणि तिखट वेगळं देतात, मागून घ्या. सकाळी फूल, म्हणजे शिजवलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांची उसळ, आणि त्याच दाण्यांचे वडे, तामेया. ज्यांच्या रक्तात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी हे दोन्ही अजिबात खाऊ नयेत, या दाण्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मोलोखिया नावाची हिरवी भाजी दिसायला आपली पालेभाजी, पण बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात शिजवतात. सुपांचंही तसंच. 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही, 'रस्साही नको' हे वेगळं सांगावं लागतं.

कैरो

गिझाला दार उघडतानाच पोचा. खुफूच्या पिरॅमिडची उंची मुळात १४६ मीटर होती, आता सुमारे १३८. आत जायचं तिकीट वेगळं. आत जेमतेम सव्वा मीटर उंचीच्या वाटेतून वाकून चढायचं, हवा दमट, आणि वरच्या खोलीत चित्र नाही की अक्षर नाही, नुसता ग्रॅनाइटचा रिकामा पेटारा. पाठ, गुडघा किंवा श्वास यांपैकी काही कच्चं असेल तर बाहेरूनच बघा. लिहिलेला पिरॅमिड बघायचा तर कैरोजवळच्या सक्कारात उनास राजाचा उघडा आहे का ते विचारा. त्याच्या भिंतींवर पिरॅमिडांमधले सर्वांत जुने मंत्र आहेत. जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड तिथेच.

उंटवाल्यांशी व्यवहार करताना एवढं लक्षात असू द्या की सांगितलेला दर चढण्याचा असतो, उतरण्याचा वेगळा. हातात कोणी 'भेट' म्हणून रुमाल ठेवला तर घेऊ नका. 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा. थांबलात की बोलणं सुरू. खरोखरच अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा नंबर १२६.

नवं भव्य म्युझियम गिझाजवळ आहे आणि २०२५च्या नोव्हेंबरपासून पूर्ण उघडलंय. तुतनखामुनचा पाच हजारांहून जास्त वस्तूंचा सगळा खजिना पहिल्यांदाच एकत्र तिथे मांडलाय. पण राजांच्या ममी तिथे नाहीत. त्या २०२१ साली कैरोतल्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती म्युझियममध्ये हलवल्या. रामसेस दुसराही तिथेच. कमाटी बागेतल्या ममीमुळे हट्ट धरलेल्या मुलाला चुकीच्या म्युझियममध्ये नेलंत तर परतीचा प्रवास जड जाईल. त्या दालनात फोटो काढायला बंदी आहे.

जुन्या शहरासाठी एक संध्याकाळ: मुइझ रस्त्यानं चालत खान अल-खलीलीपर्यंत, आधी बाब झुवेलाच्या मिनारावर चढून. मशिदींत पादत्राणं बाहेर, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. नवव्या शतकातली इब्न तुलून मशीद शांत असते आणि तिचा गोल जिन्याचा मिनार बघण्यासारखा आहे.

देवमाशांची दरी

नवव्या दिवशी पहाटे फयूमकडे निघा. वादी अल-हितान कैरोपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण शेवटचा टप्पा वाळूचा, त्यामुळे फोर-बाय-फोर आणि ती वाट ओळखणारा चालक हवा. शहरातली साधी टॅक्सी 'जाते हो' म्हणाली तरी घेऊ नका, रुतली की फोनची रेंज मिळेलच असं नाही. वाटेत वादी अल-रय्यानची तळी लागतात. पाणी, जेवण, टोपी सगळं बरोबर हवं.

दरीत आखलेली पायवाट आहे, दोन-तीन तास चालावं लागतं, सावली जवळजवळ नाही. ४ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. बॅसिलोसॉरस नावाच्या प्राचीन देवमाशाचे मणके आहेत तिथेच, वाळूवर रांगेत पडलेले दिसतात. पूर्ण प्राणी सुमारे अठरा मीटर लांब. आधी प्रवेशाजवळचं छोटं म्युझियम पाहा, म्हणजे बाहेर काय शोधायचं ते कळतं. शोधायचे ते त्याचे मागचे पाय: मांडी, गुडघा आणि बोटं असलेले, हातभरही लांब नसलेले, एवढ्या मोठ्या अंगाला चालवायला अगदी निरुपयोगी. बडोद्याच्या सांगाड्यात मागे काय आहे ते आधीच्या रविवारी नीट बघितलं असेल तर फरक लगेच दिसेल. खडा म्हणूनसुद्धा काही उचलू नका, जागतिक वारशाची जागा आहे आणि पहारेकरी पिशव्या तपासू शकतात. तीनच्या सुमारास परत फिरा. अंधारात वाळूवरचे टायरचे माग दिसत नाहीत.

तीन दिवस जास्त असतील तर लक्सरहून रस्त्यानं चारेक तासांवर तांबड्या समुद्रावरचं हुरघदा आहे. पोहायला येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून उथळ पाण्यात प्रवाळ आणि मासे दिसतात. दगडमासा विषारी असतो आणि अगदी दगडासारखाच दिसतो, म्हणून पाण्यात रबरी बूट घाला, प्रवाळाला हात लावू नका. पालथं पोहताना पाठ भाजते आणि ते रात्री झोपायला गेल्यावर कळतं, त्यासाठी पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालूनच उतरा.